‘अ रेकॉर्ड नंबर ऑफ...’ : आधी नोंद, मग विक्रम

इंग्रजी वर्तमानपत्र नियमित वाचणाऱ्यांना एक शब्दप्रयोग दिवसाआड तरी भेटतोच. ‘अ रेकॉर्ड नंबर ऑफ...’ कधी तो परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांबद्दल असतो, कधी विकल्या गेलेल्या मोटारींबद्दल, तर कधी सणासुदीला गावी निघालेल्या प्रवाशांबद्दल. मुलांनी अर्थ विचारला तर आपण चटकन सांगून टाकतो, ‘म्हणजे खूप!’ वाक्य तेवढ्याने पुढे सरकते, पण अर्थ मात्र निम्माच कळलेला असतो. ‘खूप’ सांगायला इंग्रजीत ‘अ लार्ज नंबर ऑफ’ किंवा ‘अ ग्रेट मेनी’ असे साधे शब्द आहेतच. मग ‘रेकॉर्ड’ हा शब्द कशासाठी येतो, तो वाक्यात कसा बसवायचा आणि दुसऱ्याने तो वापरला तर आपण काय तपासायचे, हे या आठवड्यात पाहू.

अर्थ आणि उच्चार

‘रेकॉर्ड’ म्हणजे मुळात नोंद. तलाठ्याच्या दप्तरात असते ते जमिनीचे रेकॉर्ड. शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखेचे असते, तेही रेकॉर्डच. ग्रामोफोनच्या तबकडीला आपण रेकॉर्ड म्हणत आलो, कारण तिच्यात आवाजाची नोंद असते. या नोंदींमध्ये जो आकडा सर्वांत मोठा निघाला, त्याला पुढे ‘रेकॉर्ड’ म्हणू लागले. म्हणजे ‘रेकॉर्ड नंबर’चा नेमका अर्थ ‘आजवरच्या नोंदींतला सर्वांत मोठा आकडा’ असा आहे. नोंद आधी आणि विक्रम नंतर, हा क्रम लक्षात ठेवला की पुढचे सगळे सोपे जाते.

उच्चाराचीही एक खुबी आहे. हा शब्द नाम किंवा विशेषण म्हणून येतो तेव्हा जोर पहिल्या अक्षरावर पडतो : ‘रेकॉर्ड’. क्रियापद म्हणून येतो तेव्हा जोर पुढे सरकतो आणि उच्चार ‘रिकॉर्ड’ असा होतो. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौला संगीताचे विद्यालय सुरू केले, ते ‘मॅरिस कॉलेज’ या नावाने प्रसिद्ध झाले. घराण्याघराण्यांत तोंडपाठ चालत आलेल्या शेकडो चिजा त्यांनी स्वरलिपीत लिहून ठेवल्या. हे इंग्रजीत सांगताना ‘भातखंडे रिकॉर्डेड हंड्रेड्स ऑफ कॉम्पोझिशन्स’ असे म्हणावे लागेल. येथे विक्रमाचा संबंध नाही, फक्त नोंदीचा आहे.

वाक्यात उपयोग

उदाहरणांसाठी एकच ठिकाण धरू, म्हणजे वाक्यांतले फरक चटकन दिसतील. मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला गेलेल्या मंडळींना चारबाग परिचयाचे आहे. घुमटांची आणि छत्र्यांची ती लाल-पांढरी इमारत, जिचा पाया १९१४ साली घातला गेला, आणि तिच्यासमोरचे सदा गजबजलेले आवार. गर्दीबद्दल बोलायला याहून योग्य जागा कोणती? खालची वाक्ये मात्र नमुन्याची आहेत. त्यांना बातम्या समजू नये.

१. ‘अ रेकॉर्ड नंबर ऑफ टिकेट्स वेअर सोल्ड अॅट चारबाग यस्टरडे.’ काल चारबागला आजवरची सर्वाधिक तिकिटे विकली गेली. ‘ऑफ’नंतर नेहमी अनेकवचन येते आणि क्रियापदही अनेकवचनी असते. म्हणून ‘वॉज’ नको, ‘वेअर’ हवे.

२. ‘द नंबर ऑफ टिकेट्स सोल्ड यस्टरडे वॉज अ रेकॉर्ड.’ अर्थ तोच. पण आता वाक्याचा कर्ता ‘नंबर’ झाला आणि तो एकच आहे, म्हणून येथे ‘वॉज’. ‘अ नंबर ऑफ’ अनेकवचनी आणि ‘द नंबर ऑफ’ एकवचनी, हा नियम स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी पाठच करून ठेवावा.

३. ‘पॅसेंजर्स केम इन रेकॉर्ड नंबर्स.’ प्रवासी विक्रमी संख्येने आले. या रचनेत ‘अ’ येत नाही आणि ‘नंबर्स’ हे अनेकवचनातच राहते. ‘इन अ रेकॉर्ड नंबर’ म्हणू नये.

४. ‘द स्टेशन यूज्ड अ रेकॉर्ड अमाउंट ऑफ वॉटर इन मे.’ मे महिन्यात स्थानकात आजवरचे सर्वाधिक पाणी वापरले गेले. पाणी, दूध, वीज, धान्य यांची आपण मोजदाद करत नाही, मापे घेतो. अशा वस्तूंना ‘नंबर’ चालत नाही, ‘अमाउंट’ किंवा ‘क्वांटिटी’ लागते.

५. ‘द टेंपरेचर टच्ड अ रेकॉर्ड हाय.’ तापमानाने उच्चांक गाठला. तापमान, भाव, धरणाची पातळी अशा वरखाली होणाऱ्या गोष्टींसाठी ‘रेकॉर्ड हाय’ आणि ‘रेकॉर्ड लो’ हे शब्द वापरतात. आपल्याकडे ‘उच्चांक’ आणि ‘नीचांक’ अशी नेटकी जोडी आहेच. विक्रम खालच्या बाजूनेही होतो, हे त्यावरून ध्यानात येईल.

६. ‘धिस इज द हायेस्ट फिगर ऑन रेकॉर्ड.’ नोंदींतला हा सर्वांत मोठा आकडा आहे. ‘ऑन रेकॉर्ड’मध्ये नोंदीचा मूळ अर्थ जसाच्या तसा टिकून आहे.

आता काही नेहमीच्या चुका. मराठीत आपण ‘रेकॉर्डब्रेक गर्दी’ म्हणतो आणि ते आता रुळलेही आहे. पण इंग्रजीत ‘रेकॉर्डब्रेक क्राउड’ होत नाही. तेथे ‘रेकॉर्ड-ब्रेकिंग क्राउड’ किंवा नुसते ‘रेकॉर्ड क्राउड’ म्हणावे. ‘ही सेट अ न्यू रेकॉर्ड’ हे वाक्य सर्रास दिसते, पण प्रस्थापित केलेला विक्रम नवाच असणार. ‘न्यू’ गाळले तरी काही बिघडत नाही. तिसरी चूक अधिक घोटाळ्याची आहे. ‘रेकॉर्डेड नंबर’ आणि ‘रेकॉर्ड नंबर’ यांत फक्त शेपटीचा फरक दिसतो. पण पहिल्याचा अर्थ ‘नोंदलेला आकडा’ आणि दुसऱ्याचा ‘विक्रमी आकडा’. अर्जात किंवा अहवालात ही गल्लत झाली, तर साध्या आकड्याचा विक्रम होऊन बसतो.

वापरण्यापूर्वी तीन प्रश्न

व्याकरण जमले तरी हा शब्दप्रयोग बरोबर वापरला असे होत नाही. ‘रेकॉर्ड’ म्हणणारा माणूस नकळत एक दावा करत असतो : मी मागची वही उघडून पाहिली आहे आणि तीत याहून मोठा आकडा नाही. म्हणून प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : कुठली वही? ‘चारबागला विक्रमी गर्दी’ असे वाक्य घ्या. चारबागला शेजारी शेजारी दोन रेल्वे स्थानके आहेत. मोठ्या इमारतीचे स्थानक उत्तर रेल्वेचे आणि त्याला लागून असलेले ‘लखनौ जंक्शन’ पूर्वोत्तर रेल्वेचे. आपली पुष्पक एक्स्प्रेस सुटते ती या दुसऱ्या स्थानकातून. त्यात २०१७ पासून मेट्रोच्या चारबाग स्थानकाची भर पडली. जागा एक, पण वह्या तीन. एका वहीत विक्रम झाला म्हणजे तो दुसरीत झाला असे नव्हे.

पावसाच्या बाबतीत मुंबईकरांनी हे अंगावर झेलले आहे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर. ‘सांताक्रूझ हॅड रेकॉर्ड रेनफॉल’ हे वाक्य खरे, पण त्यातल्या ‘सांताक्रूझ’च्या जागी ‘कुलाबा’ घातले की ते खोटे. आणि ‘इंडिया’ घातले तरीही खोटेच, कारण चेरापुंजीच्या वहीत याहून मोठे आकडे आधीपासून आहेत.

क्रिकेटमधले उदाहरण तर चुटपुट लावणारे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम गाठायला अवघ्या नऊ धावा उरल्या होत्या. पण काठियावाडच्या कर्णधाराने खेळ पुढे चालू ठेवायला नकार दिला आणि सामना तेथेच संपला. तेव्हा ‘निंबाळकर होल्ड्स द वर्ल्ड रेकॉर्ड’ असे लिहिता येणार नाही. मात्र प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील भारतीयांच्या वहीत तोच ४४३ हा आकडा सर्वांत वर आहे. एकच धावसंख्या एका वहीत विक्रम ठरते आणि दुसरीत थोडक्यात हुकते.

दुसरा प्रश्न : वही केव्हापासूनची? लखनौ मेट्रोचा ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग हा पहिला टप्पा सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. त्या वेळी पहिल्या दिवशी जितके प्रवासी आले असतील, तो आकडा ‘विक्रमी’च होता, कारण त्याआधी वहीच कोरी होती! याउलट भारतीय हवामान खात्याने २०२४ हे देशातले सर्वांत उष्ण वर्ष ठरवले, तेव्हा ‘सिन्स १९०१’ हे शब्द आवर्जून जोडले. सव्वाशे वर्षांच्या वहीतला उच्चांक आणि आठ दिवसांच्या वहीतला उच्चांक यांचे वजन सारखे कसे असेल? म्हणून आपल्या वाक्यातही ‘सिन्स’ लावून वर्ष सांगण्याची सवय ठेवावी.

तिसरा प्रश्न : मोजले कसे? रेल्वे प्रवासी मोजते ते बहुतांशी तिकिटांवरून. पासधारकांच्या फेऱ्या ठरावीक हिशेबाने धरल्या जातात. चारबागच्या फलाटावर दिसणारे बिनतिकीट प्रवासी आणि मामाला पोहोचवायला आलेले अख्खे कुटुंब त्या तिकिटांत येत नाही. तेव्हा तिकिटांचा विक्रम झाला म्हणजे माणसांचाही झालाच, असे खात्रीने म्हणता येत नाही. मोकळ्या मैदानातल्या गर्दीचे तर आणखी अवघड. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात ६६ कोटींहून अधिक स्नाने झाल्याचे सरकारने जाहीर केले. अशा आकड्यांत एकच भाविक दोनदा मोजला जाऊ शकतो आणि शेवटी तो अंदाज असतो. त्यासाठी इंग्रजीत सोय आहे : ‘अॅन एस्टिमेटेड सिक्स्टी-सिक्स क्रोर’. ‘एस्टिमेटेड’ हा शब्द प्रामाणिकपणाची खूण आहे, तो गाळू नये.

मग जेथे मोजदाद झालीच नाही, तेथे काय म्हणावे? १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली. त्यानंतर लोकमान्य टिळक पुन्हा काँग्रेसच्या अधिवेशनाला आले ते डिसेंबर १९१६ मध्ये, लखनौलाच. लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. ती माणसे कोणी मोजली नव्हती. येथे ‘रेकॉर्ड’ चालणार नाही. ‘अ ह्यूज क्राउड’ किंवा ‘अॅन अनप्रेसिडेंटेड वेलकम’ म्हणावे. ‘अनप्रेसिडेंटेड’ म्हणजे अभूतपूर्व, जे पूर्वी घडले नव्हते ते. त्याला आकड्याचा आधार लागत नाही.

मराठीत आणताना

इंग्रजीतून मराठीत येताना आणखी एक खाचखळगा आहे. आपण ‘रेकॉर्ड’साठी ‘विक्रमी’ हा शब्द घेतला. पण ‘विक्रम’ म्हणजे पराक्रम. इंग्रजी शब्द नोंदवहीतून आला, तर आपला रणांगणावरून. म्हणून ‘विक्रमी धावा’, ‘विक्रमी पीक’ हे कानाला गोड वाटते. पण इंग्रजी ‘अ रेकॉर्ड नंबर ऑफ डेथ्स’चे ‘विक्रमी मृत्यू’ केले, तर ते अंगावर येते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ७ मे २०२१ रोजी, देशात एका दिवसात ४,१४,१८८ नवे रुग्ण जाहीर झाले. तो तोवरचा सर्वांत मोठा आकडा होता. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले होते, त्या घराला यात ‘विक्रम’ तो कसला? अशा ठिकाणी ‘आजवरची सर्वाधिक रुग्णसंख्या’ असेच लिहावे. आणखी एक गोष्ट विसरू नये. हे चार लाख म्हणजे चाचणी होऊन नोंद झालेले रुग्ण. ज्यांची चाचणीच झाली नाही, ते वहीत नाहीत. आकडा ‘रेकॉर्ड’ होता आणि ‘रेकॉर्डेड’ही होता. दोन्ही शब्द वेगळे ठेवले तरच खरे चित्र दिसते.

नोंदीचे मोल काय असते, हे त्याआधीच्या एका साथीवरून कळते. १९१८ साली इन्फ्लुएंझाने देशभर थैमान घातले. तेव्हा रोजच्या रुग्णांचा देशव्यापी आकडा कोठून मिळणार? पण दर दहा वर्षांनी होणारी जनगणना होती. १९११ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख भरली. आपल्या लोकसंख्येचा आकडा त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत वाढत गेला. २००१ मध्ये तो १०२ कोटी होता, २०११ मध्ये १२१ कोटी. म्हणजे दर वेळी ‘रेकॉर्ड’! सतत वाढणाऱ्या गोष्टीत विक्रम होणे ही बातमी नव्हे. बातमी होती ती १९२१ च्या घटीत. हरवलेली माणसे वहीतल्या त्या एका ओळीने दाखवून दिली.

घरच्या व्यवहारात हे कोठे उपयोगी पडते? दहावी-बारावीचे निकाल लागले की क्लासेसच्या जाहिराती पाहा. ‘रेकॉर्ड नंबर ऑफ सिलेक्शन्स!’ फी हजारांत, कधी लाखांत असते आणि आईवडील त्या एका शब्दावर विसंबून पैसे भरतात. तेव्हा वरचे तीन प्रश्न तेथे विचारा. विक्रम कुठला, क्लासच्या एका शाखेचा की सगळ्या शाखांचा मिळून? केव्हापासूनचा, क्लास सुरू होऊन दोनच वर्षे झाली असतील तर? आणि मोजला कसा? गेल्या वर्षी १०० मुलांपैकी २० निवडली गेली आणि यंदा ४०० पैकी ३०, तर ३० हा ‘रेकॉर्ड नंबर’ खराच. पण पूर्वी पाचांत एक यशस्वी होत होता, आता तेरा-चौदांत एक. जाहिरातीने खोटे काही सांगितले नाही, फक्त ‘नंबर’ सांगितला आणि प्रमाण सांगितले नाही.

सराव

पुढील वाक्यांचे इंग्रजी करून पाहा. उत्तरे खाली आहेत, पण आधी स्वतः प्रयत्न करा.

(अ) मेट्रोच्या चारबाग स्थानकावर काल २०१७ नंतरचे सर्वाधिक प्रवासी आले.
(आ) टिळकांचे लखनौला अभूतपूर्व स्वागत झाले.
(इ) यंदा मलिहाबादच्या दशहरी आंब्याच्या आवकेने नीचांक गाठला.
(ई) शिबिरात महिलांनी विक्रमी संख्येने रक्तदान केले.
(उ) नोंदलेल्या रुग्णांची संख्या कमी झाली.

उत्तरे : (अ) ‘अ रेकॉर्ड नंबर ऑफ पॅसेंजर्स, द हायेस्ट सिन्स २०१७, यूज्ड चारबाग मेट्रो स्टेशन यस्टरडे.’ (आ) ‘टिळक रिसीव्हड अॅन अनप्रेसिडेंटेड वेलकम इन लखनौ.’ येथे ‘रेकॉर्ड’ लिहिले असेल तर खोडा. (इ) ‘अरायव्हल्स ऑफ मलिहाबाद दशहरी मँगोज फेल टु अ रेकॉर्ड लो धिस इयर.’ (ई) ‘विमेन डोनेटेड ब्लड इन रेकॉर्ड नंबर्स अॅट द कॅम्प.’ (उ) ‘द रेकॉर्डेड नंबर ऑफ पेशंट्स हॅज फॉलन.’ ‘हॅव’ नाही, कारण ‘द नंबर’ एकवचनी.

या आठवड्यात मुलांना एक काम द्या. वर्तमानपत्रात जेथे ‘रेकॉर्ड’ किंवा ‘विक्रमी’ दिसेल, तेथे पेन्सिलीने खूण करायची आणि समासात तीन उत्तरे लिहायची : कुठली वही, केव्हापासूनची, मोजले कसे. तिन्ही उत्तरे त्या बातमीतच मिळाली, तर बातमी लिहिणाऱ्याला शाबासकी द्यावी. एकही मिळाले नाही, तर ‘रेकॉर्ड नंबर’ खोडून त्या जागी ‘अ लार्ज नंबर’ लिहावे. इंग्रजीही सुधारेल आणि बातमीही.